स्फटिक म्हणजे नेमका कोणता दगड?

मा. संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत घरातील फिश टँकच्या सजावटीविषयी आलेला मजकूर मी लक्षपूर्वक वाचला. त्यातील प्रकाशयोजना आणि पाणवनस्पती यांविषयीची माहिती उपयुक्त आहे. परंतु ‘बाजारात मिळणारे रंगीत स्फटिक स्वच्छ धुऊन टाकीत ठेवावेत’ हा सल्ला जशाच्या तसा पाळला गेला, तर अनेकांच्या टाकीतील मासे दगावतील, अशी मला भीती वाटते. मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतर मासे पाळण्याचा छंद धरला. त्या दोन्ही नात्यांनी हे पत्र लिहीत आहे.

घोळ ‘स्फटिक’ या शब्दापासूनच सुरू होतो. पूर्वी आपल्याकडे स्फटिक म्हटले की स्फटिकाची माळ किंवा स्फटिकाचे शिवलिंग डोळ्यांपुढे येई, आणि ते क्वार्ट्झचे, म्हणजे स्वच्छ पारदर्शक गारेचे असे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र मीठ, खडीसाखर, तुरटी आणि मोरचूद (तांब्याचे सल्फेट) हेसुद्धा स्फटिकच आहेत. आज दुकानांतून वास्तुशांतीच्या आणि भाग्यवृद्धीच्या नावाखाली जे रंगीत दगड एकाच परडीत मांडलेले असतात, त्यांत गारेपासून तांब्याच्या खनिजापर्यंत सर्व काही असते. दुकानदार रंग सांगतो, दगडाचा ‘गुण’ सांगतो, पण खनिजाचे नाव सहसा सांगत नाही. त्या गुणांवर कोणी विश्वास ठेवावा की नाही, हा या पत्राचा विषय नाही. माशांपुरता प्रश्न एवढाच आहे की, तो दगड पाण्यात विरघळतो का, आणि विरघळत असेल तर पाण्यात काय सोडतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही, घरच्या टाकीवरून सांगतो. माझी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. काठोकाठ भरली तर सुमारे ५६ लिटर पाणी मावते. तीत गप्पी होते, काही गोगलगायी होत्या आणि नातीने हौसेने आणलेल्या १२ लाल चेरी कोळंब्या होत्या. शहरातल्याच एका दुकानात तिला हिरव्यागार पट्ट्यांचा, मुठीएवढा एक दगड आवडला. दुकानदाराने त्याचे नाव ‘हरित स्फटिक’ असे सांगितले आणि तो पाण्यात खुशाल ठेवा, असेही सांगितले. मीही तो धुऊन, पुसून टाकीच्या मधोमध ठेवला. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर गोगलगायी काचेवरून सुटून तळाशी पडलेल्या, आणि कोळंब्या एकामागून एक आडव्या होत होत्या. संध्याकाळपर्यंत एकही उरली नाही. गप्पी मात्र हिंडत होते, आणि या फरकामुळेच मला संशय आला, कारण माशांना सोसवेल इतके थोडे तांबेही कोळंबीला आणि गोगलगायीला मारून टाकते.

मी तो दगड बाहेर काढला, ओला ठेवूनच कानशीने घासला (ही पूड नाकातोंडात जाणे चांगले नाही) आणि चिमूटभर हिरवा लगदा काचेच्या वाटीत व्हिनेगरमध्ये टाकला. बारीक बुडबुडे आले. रात्रभरात व्हिनेगरला निळसर हिरवी झाक आली. सकाळी पॉलिश कागदाने चकचकीत घासलेला एक लोखंडी खिळा त्यात बुडवून ठेवला. चहा होऊन परत येईतो खिळ्याचे टोक तांबूस झाले होते. मोरचुदाच्या द्रावणात खिळा बुडवून हाच बदल मी वर्षानुवर्षे मुलांना दाखवत आलो होतो. तो दगड मॅलाकाइट होता, म्हणजे तांब्याचे एक कार्बोनेट. दुकानदाराने मला फसवले असे मी म्हणणार नाही. त्याने अस्सल माल दिला होता. रंगीत काचेची नक्कल दिली असती, तर कोळंब्या कदाचित वाचल्या असत्या.

म्हणून तांब्याची खनिजे टाकीबाहेरच राहावीत: मॅलाकाइट, निळा अझुराइट, पिरोजा, क्रायसोकोला. पाणी जितके मृदू, तितका तांब्याचा विषार अधिक, हेही ध्यानात ठेवावे. गंधकाची धातुखनिजे याहून फसवी असतात, कारण ती व्हिनेगरच्या परीक्षेत पकडली जात नाहीत. सोनेरी चमकीचा पायराइट आजकाल गल्ल्याजवळ ठेवण्यासाठी फार खपतो. तो लोह आणि गंधक यांचा दगड असून पाणी आणि प्राणवायू यांच्या सान्निध्यात त्याच्यापासून गंधकाम्ल तयार होते. शिशाचा गॅलेना, पाऱ्याचा हिंगूळ, आर्सेनिकचे हरताळ आणि मनशीळ यांची नावे आपल्या जुन्या वैद्यांना ठाऊक होती आणि ती जपून हाताळावीत हेही ठाऊक होते. सोपा नियम असा की, जो दगड धातूसारखा चमकतो किंवा आकाराच्या मानाने हाताला फार जड लागतो, तो टाकीत घालू नये. लाजवर्द हा निळा दगड घेतानाही जपावे; त्यात सोनेरी ठिपके दिसतात ते पायराइटचेच असतात.

दुसरा गट विषारी नाही, पण पाण्यात टिकत नाही. सैंधवाचे गुलाबी दिवे कोणी पाण्यात ठेवणार नाही, असे मला वाटत होते. एका परिचितांनी ठेवला, आणि गोड्या पाण्यातल्या माशांचे जे व्हायचे ते झाले. सेलेनाइटची गोष्ट मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो पांढऱ्या रेशमी सळयांसारखा दिसतो आणि नखाने ओरखडला जातो. तो म्हणजे जिप्सम. गणेशमूर्तींसाठी वापरले जाणारे प्लास्टर ऑफ पॅरिस ज्या खनिजापासून करतात, तेच हे. एका लिटर पाण्यात सुमारे २ ग्रॅम जिप्सम विरघळते. म्हणजे ५० लिटरच्या टाकीत, मुरायला पुरेसा वेळ मिळाला, तर १०० ग्रॅमपर्यंत. पाणी बदलले की हिशेब पुन्हा नव्याने सुरू. पाण्याचा कठीणपणा त्यामुळे वाढतच जातो.

तिसऱ्या गटासाठी आपल्या स्वयंपाकघरापर्यंत जावे लागेल. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू पिळताना रस सांडला आणि वेळेवर पुसला नाही, तर पांढरट डाग पडतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. पाट्यावर मात्र पिढ्यान् पिढ्या चिंच घालून चटणी वाटली तरी असा डाग पडत नाही. दोन्ही दगड काळे. पण कडप्पा हा चुनखडक आहे आणि पाटा-वरवंटा काळवत्रीचा, म्हणजे बेसाल्टचा. शहाबादी फरशी, संगमरवराचे तुकडे, कॅल्साइटचे स्फटिक, मालवणहून आणलेले शिंपले ही सगळी कडप्प्याचीच भावंडे, कॅल्शियम कार्बोनेटची. माशांच्या श्वासातून पाण्यात कर्बवायू मिसळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि ते या दगडांना हळूहळू खाते. त्यातून पाण्याचा सामू (पीएच) आणि कठीणपणा दोन्ही वर चढतात. हे एका रात्रीत होत नाही, आठवड्यांनी होते, म्हणून मासा मलूल दिसू लागला की माणूस खाद्याला दोष देतो, हवामानाला दोष देतो, दगडाकडे पाहतच नाही.

अर्थात, हे दगड सर्वच माशांना वाईट नाहीत. आफ्रिकेतील मलावी आणि टांगानिका या सरोवरांतील सिक्लिड मासे कठीण, अल्कधर्मी पाण्यातच वाढतात, त्यांच्या टाकीत चुनखडक मुद्दाम घालतात; गप्पी आणि मॉली यांनाही तो सहसा मानवतो. ॲमेझॉनच्या मृदू पाण्यातले निऑन टेट्रा किंवा डिस्कस पाळणाऱ्यांनी मात्र त्यापासून दूर राहावे. प्रवाळाचा विचार कोणीच करू नये. ते वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे.

मग ठेवायचे काय? क्वार्ट्झचे कूळ मोठे आहे आणि देखणेही आहे. रंगहीन स्फटिक, जांभळा अ‍ॅमेथिस्ट, गुलाबी क्वार्ट्झ, अकीक, जास्पर ही सर्व मुळात सिलिकाच आहेत आणि टाकीच्या पाण्यात व्यवहारतः विरघळत नाहीत. अ‍ॅमेथिस्ट कडक उन्हात ठेवला तर वर्षानुवर्षांनी फिका पडतो, पण तो प्रश्न आपल्या डोळ्यांचा आहे, माशांचा नाही. गारेची ओळख सोपी आहे: तिने टाकाऊ बाटलीच्या काचेवर ओरखडा उठतो, तिच्यावर सुरीने ओरखडा उठत नाही आणि व्हिनेगरच्या थेंबाने ती फसफसत नाही. ज्या जिल्ह्यात गारगोटी नावाचे तालुक्याचे गाव आहे, त्या जिल्ह्याला गारगोटी ओळखणे जड जाऊ नये. खबरदारी घ्यायची ती टोकांची. अ‍ॅमेथिस्टच्या गुच्छाची अणकुचीदार टोके गोल्डफिश आणि फायटर यांचे पंख फाडतात, आणि आतली काच पुसताना असा दगड तिच्यावर घासला गेला तर ओरखडा कायमचा राहतो.

अकीक विकत घेताना एक पथ्य पाळावे. गर्द निळा, गडद गुलाबी किंवा पोपटी अकीक बहुधा रंगवलेला असतो. पांढऱ्या कापसावर नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य घेऊन तो घासावा आणि मग दोन-तीन दिवस कोमट पाण्यात बुडवून ठेवावा; कापूस किंवा पाणी रंगले तर दगड शोकेसमध्ये ठेवावा. इंद्रधनुषी झळाळीचे, वर धातूचा पातळ थर चढवलेले स्फटिकही मी टाकीत घालणार नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर कोल्हापूरच्या माणसाला परडीतल्या दगडांची गरजच नाही. अंबाबाईचे देऊळ ज्या काळ्या पाषाणात उभे आहे, तो आपल्या पायाखाली आहे. पाथरवटाकडे काळवत्रीच्या ढलप्या मिळतात, आणि हिरव्या वनस्पतींच्या मागे तो काळा रंग जसा उठून दिसतो, तसा कोणताही रंगीत खडा दिसत नाही. एवढेच पाहावे की, आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत पांढरे खनिज भरलेले असते. ते कधी झिओलाइट असते, कधी गार, कधी कॅल्साइट. त्या पांढऱ्या ठिपक्यांवर व्हिनेगरचा थेंब टाकावा आणि भिंग लावून पाहावे. बुडबुडे उठले तर दुसरी ढलपी घ्यावी. जांभा विषारी नाही, पण भुसभुशीत असल्याने लाल पूड सोडतो. पंचगंगेच्या घाटावरून गोटे उचलून आणणे मला प्रशस्त वाटत नाही. नदीच्या पाण्याची अवस्था सर्वांना माहीत आहे.

दगड साबणाने धुऊ नये आणि उकळूही नये, कारण आतल्या फटींतले पाणी तापून दगड फुटल्यास इजा होते. ब्रशने घासून वरून गरम पाणी ओतले की पुरे. वजनाचा अंदाजही घ्यावा: १० किलो काळवत्री टाकीत गेली, तर साडेतीन लिटरच्या आसपास पाण्याची जागा जाते. मोठा दगड वाळूवर नव्हे, तर तळावर आधी नीट बसवून मग भोवती वाळू पसरावी. वाळू उकरणाऱ्या माशांनी खालची वाळू काढली की दगड कलंडतो आणि काच जाते.

शहरातील विक्रेत्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी किमतीच्या चिठ्ठीवरच खनिजाचे नाव लिहावे. यात खर्च काही नाही, आणि ग्राहक चुकीचा दगड नेणार नाही. आपल्याकडेही एक मागणे आहे. पुरवणीतील त्या मजकुरासोबत जे छायाचित्र छापले आहे, त्यात टाकीच्या डाव्या कोपऱ्यात उभे केलेले पांढरे, रेशमी चमकीचे दगड मला सेलेनाइटसारखे दिसतात. ते तसे असतील, तर येत्या रविवारी चार ओळींचा खुलासा द्यावा, आणि त्यात सेलेनाइट, मॅलाकाइट व पायराइट ही तीन नावे अवश्य यावीत.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
मंगळवार पेठ, कोल्हापूर