ब्रोकेन मॅरेथॉन : सहभागी सदस्यांसाठी सूचना

जर्मनीतील हार्त्स पर्वतात ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या ब्रोकेन मॅरेथॉनसाठी वेर्निगेरोडे येथे जाणाऱ्या सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, मार्ग १,१४१ मीटर उंचीच्या ब्रोकेन शिखरावरून जात असल्याने, पायथ्याशी ऊन असले तरी माथ्यावर दाट धुके व बोचरा वारा गृहीत धरूनच तयारी करावी. वाराप्रतिबंधक जाकीट, हातमोजे आणि कानटोपी सोबत असावीच. शिखराकडील तीव्र चढावर पूर्व जर्मनीच्या काळात सीमेवरील गस्तीसाठी टाकलेल्या, भोके असलेल्या काँक्रीटच्या फरशा आहेत. ओल्या झाल्यावर त्या निसरड्या होतात आणि भोकात पाय अडकून घोटा मुरगळू शकतो, म्हणून तेथे धावण्याचा अट्टहास न करता चालत चढावे, त्यात कसलाही कमीपणा नाही. परिसर राष्ट्रीय उद्यानाचा असल्याने एनर्जी जेलची (धावताना शक्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या घट्ट गोड द्रवाची) रिकामी पाकिटे खिशातच ठेवावीत.