झुमक्याच्या दांडीविषयी, मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री यांस,
स. न. वि. वि.

दादरला माझा इमिटेशन दागिन्यांचा छोटा स्टॉल आहे. गणपतीआधी झुमके नेलेल्या गिऱ्हाइकांपैकी दोन-चार जणी गौरी गेल्या की परत येतात, कानाच्या पाळीला खोबरेल चोपडून. "ताई, कान पिकले हो." मी जोड बदलून देते, नाहीतर दांडीला बिनरंगी नेलपॉलिश लावते. ते चार दिवसांत निघतं आणि खाज पुन्हा सुरू.

कित्येक वर्षं मला वाटायचं, बायका कान नीट धूत नसतील. मग माझ्याच पोटावर, जीन्सच्या बटणाखाली, रुपयाएवढा चट्टा उठला. डॉक्टरांनी पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या, चौथ्या दिवशी पुन्हा पाठ पाहिली. निकेल या धातूची अ‍ॅलर्जी! मग त्यांनी कापसाच्या बोळ्यावर कसलेसे थेंब टाकून माझ्या कानातला झुमका घासला. बोळा गुलाबी. म्हणजे निकेल सुटतंय. पुढच्या खेपेला मी स्टॉलवरचे काही जोड घेऊन गेले. ज्याच्या कार्डावर 'स्किन फ्रेंडली' छापलं होतं, तोही गुलाबीच निघाला. घाऊक व्यापाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "पॉलिश जाड आहे, घाबरू नका."

हे दोन-चार नाजूक कातडीच्या बायकांचं दुखणं नाही. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांचा एकत्रित हिशेब 2019 साली मांडला गेला. सर्वसाधारण लोकांत दर पाचातल्या एकाला कशाची ना कशाची स्पर्शाची अ‍ॅलर्जी आढळली, आणि सर्वांत जास्त, सुमारे 11 टक्के लोकांना, निकेलची. बायकांत जास्त, कारण कान टोचलेले. एकदा जडली की बहुधा जन्मभर.

डेन्मार्कने 1990 मध्ये दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली. पुढे युरोपीय संघानेही तेच केलं: कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे अर्धा मायक्रोग्रॅम, त्याहून जास्त नाही. त्यानंतर तिथल्या तरुण मुलींत ही अ‍ॅलर्जी कमी झाली.

सोन्याला आपण 2021 पासून हॉलमार्क सक्तीचा केलात. ज्यांना सोनं परवडत नाही त्या माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या कानात काय जातं ते मलाही सांगता येत नाही. भारतीय मानक ब्युरो आपल्याच खात्यात आहे. निकेलची मर्यादा ठरवा, ती पाळणं सक्तीचं करा. भाव वाढेल अशी ओरड होईल. आमच्याच धंद्यातून होईल. तर मग आधी फक्त दांडीपुरता नियम करा. कानाच्या भोकात तीच जाते.

आपली,
दादरची एक दुकानदार