दूध आलंय, काय करू?

परतवाडा, रविवार रात्र

प्रिय वैशू,

माझा गुडघा तसाच, आईची साखर आटोक्यात. तब्येतीचं एवढंच. आता जे सांगायचंय ते तुझ्याखेरीज कुणाला सांगून कळणार नाही.

मृतजन्म आणि बालमृत्यूंच्या मुलाखती घेत धारणीकडच्या एका गावात गेले होते. कोरकू घर, पोरगेलीशी पहिलटकरीण. आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात ‘मृत जन्म’ लिहिलेलं. आणि ती म्हणते, बाळ रडलं होतं. सासूनेही तेच सांगितलं, दोनदा रडलं, मग निळं पडलं. व्याख्या तुला झोपेतही पाठ आहे: एक श्वास, हृदयाचा ठोका, नाळेतलं स्पंदन, यातलं काहीही दिसलं तर तो जिवंत जन्म. मी फॉर्मवर तसंच लिहिलं.

निघताना सिस्टर गाडीपर्यंत आल्या. “मॅडम, माझी बदली होईल हो.” त्या रात्री दोन बाळंतपणं आणि त्या एकट्या. त्यांच्यावर चिडत नाही गं. चीड येते ती आढावा बैठकीत ‘शून्य मृत्यू’ ऐकायला बसलेल्यांची. मृतजन्म लिहिला की अर्भकमृत्यूचा आकडा वाढत नाही, सगळे सुटतात. पण बाळ पोटातच गेलं असेल तर कळांच्या वेळी लक्ष कुणाचं होतं हे बघायचं, आणि रडून गेलं असेल तर श्वास सुरू ठेवायला, ऊब द्यायला खोलीत काय होतं ते. नोंद खोटी तर पुढचा पैसा, प्रशिक्षण, सगळं भलतीकडे. म्हणून तर मृतजन्म आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू एकत्र धरायचे, म्हणजे या रकान्यातून त्या रकान्यात ढकलून काही लपत नाही. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावोगावचे जन्म-मृत्यू स्वतः नोंदवले, गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली, तेव्हा कुठे १९९९ साली ३९ गावांतली नवजात मृत्युदराची ६२ टक्के घट छातीठोकपणे मांडता आली.

“झालं का तुझं मोजून?” असं म्हणालीस ना आत्ता? मेसच्या टेबलावरचं भांडण अजून संपलेलं नाही आपलं. तू राणीताई बंगांचा १९८९ चा लेख कपाटाच्या दाराला चिकटवलास: दोन गावं, ६५० बायका, ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग, आणि आधी कुणी तपासलेल्या जेमतेम ८ टक्के. “सगळे मुलांमागे धावतात, बाई कुणाच्या यादीत आहे?” हे तू इतक्या मोठ्याने विचारायचीस की देशपांडे सर आपल्याला वेगवेगळ्या तालुक्यांत धाडणार होते. मग चहा कोण करणार हे लक्षात आलं आणि बेत बारगळला!

तर ऐक. सगळे प्रश्न संपले, सही झाली, आणि ती पोरगी आशाताईच्या, म्हणजे गावातल्या आशा कार्यकर्तीच्या, कानात काहीतरी बोलली. आशाताईने मला सांगितलं, “दूध आलंय म्हणते, काय करू विचारते.” पोलकं भिजलेलं होतं. छाती दगडासारखी. इतका वेळ मी समोर बसले होते आणि माझ्या लांबलचक फॉर्मात त्यासाठी एक ओळ नाही. आवळून बांधू नको, बरं वाटण्यापुरतं पिळून काढ, गार फडकं ठेव, ताप आला किंवा लाल झालं तर लगेच आशाताईला सांग, एवढं सांगितलं. रक्तस्राव किती, टाके दुखतात का, झोप लागते का, हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं.

आशाताई वाईट नाही. घरभेटींचं वेळापत्रकच बाळाचं आहे: तिसरा, सातवा, चौदावा दिवस, असं बेचाळिसाव्यापर्यंत. त्याचे अडीचशे रुपये २०११ च्या सरकारी सूचनांप्रमाणे आशाला कधी मिळायचे? बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघं सुखरूप असतील तर. म्हणजे जिचं बाळ गेलं तिच्या दारी जायला कागदावर कारणच उरत नाही! हे वाक्य लिहिणाऱ्याने एकदा त्या घरात बसावं असं फार वाटतं मला.

तरी भांडणात मी माघार घेत नाही. त्या बाळाची नोंद खरी झाली तरच त्याची आई कुठे आहे हे सापडेल.

तुझ्याकडून एक हवंय. दवाखान्यात अशा बाया तुझ्याकडे येतातच. बाळ गेलेल्या आईकडे आशाने कोणत्या दिवशी जावं आणि काय विचारावं, ते साध्या शब्दांत एका पानावर लिहून दे. कोरकूत मी करवून घेते. पुढच्या फेरीच्या फॉर्मात ते घातल्याशिवाय मी गावात पाऊल टाकणार नाही. समितीला काय सांगायचं ते मी बघते.

मिहिकाची दहावी कशी चाललीय? काकांचा मोतीबिंदू झाला का? नाशिकला दिवाळीत येईन म्हणते. सुरेखाला पत्र दाखव, पण रडू देऊ नकोस तिला.

पान लवकर पाठव.

तुझी,
मंजू