वीस लाखांची मर्यादा अजून 2017 च्याच भावात

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

नाशिकला सातपूर एमआयडीसीजवळ माझं छोटं मिसळीचं हॉटेल आहे, मी, बायको आणि कामाला तीन पोरं. जीएसटी कमी झाला, छोट्यांना दिलासा अशा बातम्या तुमच्याकडे पण बऱ्याच आल्या, पॅकिंगचं फरसाण 12 वरून 5 टक्क्यांवर आलं हे खरंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमचं दुखणं वेगळंच आहे.

माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही, ही मर्यादा 2019 ला वाढवली. हॉटेल मात्र सर्व्हिसमध्ये धरतात, तिथं 20 लाखच, 2017 ला होती तीच. 20 लाख ऐकायला मोठे वाटतात हो, पण रोजचा गल्ला काढला तर साडेपाच हजारसुद्धा होत नाही, 80 रुपये प्लेट धरली तर सत्तरच्या आत प्लेटा. आणि ही विक्री आहे, नफा नाही, मटकी, पाव, गॅस, भाडं, पगार, कमर्शियल मीटरचं लाइटबिल सगळं त्यातूनच जायचंय.

2024 च्या सप्टेंबरात खाद्यतेलाची आयात ड्युटी वाढली आणि तेलाचा डबा कडाडला. आता मिसळीची तर्री म्हणजे तेलच की, गिऱ्हाईक दोन-दोनदा मागून घेतं, त्याचे पैसे लावले तर उद्या समोरच्या हॉटेलात जाईल. 19 किलोच्या सिलेंडरवर 18 टक्के जीएसटी भरतो, तो काही परत मिळत नाही. मग नाइलाजाने प्लेट 10 रुपयांनी वाढवली, प्लेटा तेवढ्याच जातात, खरं तर थोड्या कमीच, पण टर्नओव्हर फुगला आणि 20 लाखांच्या वर गेला. म्हणजे महागाई आमच्या बोकांडी आणि सरकारच्या कागदावर आमचा धंदा जोरात!

कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची एकूण विक्रीवर ठरावीक टक्के भरायची सोपी जीएसटी योजना, घेतली तर 5 टक्के, तेही गिऱ्हाइकाकडून घ्यायचे नाहीत, पदरचे भरायचे. 22 लाखांवर 1 लाख 10 हजार झाले, त्यात एका पोराचा आठ-नऊ महिन्यांचा पगार निघतो. वर दर तिमाहीचा भरणा, वर्षाचं रिटर्न, सीएची फी आहेच.

शहाणपण शिकवणारे पण भेटतात, म्हणतात निम्मं कॅशमध्ये घे. अहो आता चहाचे 10 रुपये पण लोक स्कॅन करून देतात, आणि 2025 च्या जुलैत बेंगळुरूत यूपीआयचे आकडे बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या तेव्हा कित्येकांनी क्यूआर कोडच काढून टाकले. मला ती लपवालपवी नकोय, मर्यादा वाजवी करा, हॉटेल, खानावळ, पोळीभाजी केंद्र सगळ्यांना मालवाल्यांसारखे 40 लाख करा, एवढंच म्हणणं आहे.

जीएसटी कौन्सिलमध्ये आपल्या राज्याचे पण मंत्री बसतात. पुढच्या मीटिंगच्या आधी तुमच्या वार्ताहरांनी त्यांना विचारावं की हा विषय तुम्ही तिथं मांडणार आहात का, आणि जे काय उत्तर येईल ते छापावं.

आपला,
एक मिसळवाला, सातपूर, नाशिक