बाटलीचा तळ

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू ठेवून गेलेली तुझ्या नव्या धंद्यातल्या ओटच्या दुधाची बाटली मी मुद्दाम चार दिवस न हलवता फ्रिजमध्ये ठेवली. तळाशी पांढरा थर बसलाय, चमच्यानं खरवडला तर खडूसारखा लागतो. कॅल्शियमसाठी तू घातलेलं कॅल्शियम कार्बोनेट ते. पाण्यात विरघळत नाही, खाली बसतंच. ‘हलवून घ्या’ असं कितीही ठळक छाप, गिऱ्हाईक हलवत नाही. शेवटचा पेला तोंडात चरचरला की पुढची बाटली घेत नाही. तेव्हा ते धरून ठेवणारा डिंक बदल, किंवा भुकटी आणखी बारीक दळलेली घे.

मग काळ्या कॉफीत ओतून पाहिलं. फाटलं. कॉफी आम्लधर्मी, त्यात कढत. प्रथिनांच्या गुठळ्या होणारच. आई म्हणाली, आधी दूध घे, वरून कॉफी. जरा बरं झालं, पण कॅफेतला पोरगा गर्दीच्या वेळी एवढं करणार नाही. कॉफीसाठी म्हणून विकतात त्या पेयांत आम्लता सावरायला बहुधा फॉस्फेटचा क्षार असतो. तुझ्या घटकांच्या यादीत तो दिसला नाही.

लेबलवरचं ‘साखर नाही’ मात्र आजच काढ. ओटमधला स्टार्च तू एन्झाइमनं फोडतेस, त्याची माल्टोज होते, म्हणून तर ते गोड लागतं. साखर वरून घातली नाहीस हे खरं. साखर नाही हे खोटं. मधुमेहाचा माणूस तेवढंच वाचून पिईल. प्रथिनांचंही तसंच. गाईच्या दुधात १०० मिलिलिटरला ३ ग्रॅमच्या वर, ओटच्या दुधात १ च्या आसपास. आकडा जसा आहे तसा छाप. आणि ‘दूध’ हा शब्द वापरण्याआधी नियम बघ. युरोपच्या न्यायालयानं २०१७ मध्ये काही अपवाद सोडता वनस्पतिजन्य मालाला ‘दूध’, ‘चीज’ म्हणायला मनाई केली.

आता पैशाचं. माझ्या वितरणाच्या दिवसांत एका नव्या पेयाच्या शंभर पेट्या पंधरा दिवसांत उठल्या होत्या. कंपनीवाल्यानं लगेच दुप्पट माल लादला. पण पहिली बाटली लोकांनी कुतूहलानं घेतली होती, दुसरी कुणी मागितली नाही. मुदत संपलेल्या पेट्या माझ्या गोदामात पडून, आणि त्याचा फोन लागेना. तेव्हापासून नव्या मालाचा पहिला खप मी खप धरत नाही.

म्हणून तू घ्यायचं म्हणतेस ते मशीन आत्ता नको. दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबवर्कवर लहान बॅच काढ. त्याच लाइनवर सुकामेवा चालत असेल तर अ‍ॅलर्जीची सूचना विसरू नकोस. चवीसाठी तुला फ्रिजमधलाच माल हवाय, कळतं. पण रात्री फ्रिज बंद करून जाणारे दुकानदार मी पाहिलेत. १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक पॅकिंग केलेला माल बाहेर महिनोन्‌महिने टिकतो. चव थोडी शिजल्यासारखी होते, तेवढं सोसावं लागेल. दुकानदार दोन महिने उधारी ठेवेल, ओटवाला रोख मागेल. मधल्या दिवसांचं खेळतं भांडवल वेगळं काढून ठेव.

एक वही कर. ओळखीचे सोडून किती जणांनी दुसऱ्यांदा घेतलं, तेवढंच लिही त्यात. रविवारी येशील तेव्हा घेऊन ये.

आईला चव आवडली म्हणते. दुसरी बाटली अजून मागितलेली नाही.

तुझे,
बाबा