मशीन काढलं, पण आत काय राहिलं ते कागदावर कुठंय?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

स्टेंट, पेसमेकर, गुडघ्याच्या वाट्या यावर पेपरात नेहमी काही ना काही येतं, पण नसांना करंट देणाऱ्या मशीनबद्दल फारसं कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. पाठीचं ऑपरेशन होऊनही ज्यांच्या कळा थांबत नाहीत अशा काही पेशंटना स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर बसवतात, म्हणजे मणक्याच्या आत मज्जारज्जूच्या आवरणाला लागून लीड (करंट नेणारी तार) आणि कमरेखाली कातडीच्या आत काडेपेटीपेक्षा जरा मोठी बॅटरी. प्रकार काही कालचा नाही, अमेरिकेत १९६७ साली पहिल्यांदा बसवलेलं. फसवाफसवीही नाही, माझ्या मोठ्या भावाला सुरुवातीची काही वर्षं चांगला आराम होता, गावदेवी मार्केटमधून भाजीची पिशवी घेऊन चालत यायचा. मग असर कमी होत गेला, प्रोग्रॅमिंग बदलून बदलून झालं, आणि शेवटी बॅटरीच्या जागीच दुखायला लागलं, त्यात नव्याने एमआरआय करायची वेळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले काढून टाकू.

ऑपरेशन नीट झालं, त्याबद्दल तक्रार नाही. घोळ झाला एमआरआय सेंटरवर. घोडबंदर रोडवरच्या सेंटरमधल्या मुलीने डिस्चार्ज कार्ड दोनदा वाचलं आणि विचारलं, काका लीड पण काढलीय ना? कार्डावर इतकंच की स्टिम्युलेटर काढला, टाके अमुक तारखेला. भाऊ माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. तिने एमआरआय मशीनला हात लावायच्या आधी एक्स-रे काढायला लावला आणि त्यात मणक्याजवळ लीडची पट्टी सरळ सरळ दिसत होती. त्या मुलीचे आभार मानावे तेवढे थोडे, कारण आत राहिलेली तार एमआरआयच्या रेडिओ लहरी अँटेनासारख्या पकडते आणि तिचं टोक तापू शकतं, तेही मज्जारज्जूच्या शेजारी.

आता लीड आत ठेवली हा गुन्हा नाही हे मलाही कळतं. सुईतून घातलेल्या बारीक लीड बहुतेक वेळा ओढून निघतात, पण पट्टीवाली लीड मणक्याचं हाड थोडं कापून बसवलेली असते, तिच्याभोवती व्रण धरतो आणि ती सोडवताना नसेलाच इजा व्हायची भीती, तेव्हा सर्जनने राहू दिली असेल तर कदाचित शहाणपणच केलं. पण मग लिहा ना कार्डावर! एक ओळ लागते, काय काढलं, काय ठेवलं, मणक्याच्या कुठल्या लेव्हलला, आणि मॉडेल नंबर.

मॉडेल नंबर शोधायला जिथे बसवलं त्या जुन्या हॉस्पिटलला गेलो तर म्हणे एवढी जुनी फाईल आम्ही ठेवत नाही. आणि गंमत म्हणजे ते नियमाने बरोबर आहेत, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं, मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. रिचार्ज होणारी बॅटरी नऊ-दहा वर्षंही चालते, लीड तर जन्मभर आत राहू शकते, आणि कागदाला आयुष्य ३ वर्षांचं. माझं म्हणणं एवढंच आहे की शरीरात जी वस्तू ठेवली तिचा कागद ती वस्तू आत आहे तोवर टिकला पाहिजे. तोपर्यंत ज्यांच्या घरी असं मशीन बसवलेला पेशंट आहे त्यांनी ३ वर्षांच्या आत सगळी फाईल, बॉक्सवरचे स्टिकर आणि इम्प्लांट कार्ड घेऊन ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढा, कार्ड हरवतं.

अमेरिकेच्या एफडीएकडे (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१६ ते २०२० या चार वर्षांत या मशीनबद्दल त्रासाचे-बिघाडाचे एक लाखाहून जास्त रिपोर्ट आले होते. सगळा दोष मशीनचाच असं त्यावरून म्हणता येत नाही, पण पर्मनंट बसवायच्या आधी काही दिवसांची ट्रायल घ्याच असं त्यांनी तेव्हा डॉक्टरांना कळवलं. आपल्याकडेही २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम, म्हणजे वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद घेणारी योजना आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे त्याचं काम, पण आम्हाला दोन्ही हॉस्पिटलांत कुणी त्याचं नावही सांगितलं नाही. बसवताना कंपनीचा माणूस दर दोन दिवसांनी हजर असायचा, काढताना कुणी फिरकलं नाही.

आणखी एक, बोलायला बरं वाटत नाही तरी लिहितो. बॅटरी अंगात असताना माणूस गेला तर अंत्यसंस्काराआधी ती काढून घ्यावी लागते, आगीत फुटू शकते. त्या वेळी घरच्यांना हे कुठलं आठवायला, इम्प्लांट कार्डाच्या मागे मराठीत छापलं तर निदान कुणाच्या तरी नजरेला पडेल.

आपला,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे (प.)