रेल्वेच्या वाटेवरून सायकल

ती. आई-बाबांना नमस्कार,

फोनवर नीट सांगता आलं नाही, मागे आजीचा टीव्ही चालू होता, म्हणून लिहितेच. दिवाळीनंतर इथे न्यूझीलंडात आम्ही डनेडिनमधले चौघं, तो निपाणीचा, कोल्हापूरचे नवराबायको नि मी, सायकली भाड्याने घेऊन ओटॅगो सेंट्रल रेल ट्रेलवर जाऊन आलो. क्लाइड ते मिडलमार्च, १५२ किमी. आई, काळजी करू नकोस, रस्त्यावर गाड्या नसतातच, बॅगा पण व्हॅनवाला पुढच्या मुक्कामाला नेऊन ठेवतो, आपण नुसतं पाण्याची बाटली नि डबा घेऊन निघायचं.

बाबा, ही वाट म्हणजे जुनी रेल्वे लाईन. क्लाइडचं धरण बांधताना सामान याच लाईनीने यायचं, धरणाचं काम संपत आलं तशी १९९० ला ही लाईन बंद केली, रूळ काढले आणि २००० पासून ती पूर्ण सायकलसाठी खुली झाली. रेल्वेला खडा चढ चालत नाही ना, त्यामुळे चढ इतका हळू येतो की कळतच नाही, सगळ्यात उंच जागा ६१८ मीटर, तिथेपण कुणी उतरून सायकल ढकलत नव्हतं. आंबोली घाटाची धास्ती घेतलेल्या माणसाने इथं यावं. सत्तरीतली जोडपी आरामात जात होती, आणि आम्हालापण कसली घाई नव्हती, मेंढ्या दिसल्या की थांब, नदी दिसली की थांब.

क्लाइडच्या बाजूला डोंगर सगळे जांभळट, रानटी थाइम फुललेला असतो, त्याची काडी बोटात चुरडली तर थेट ओव्याचा वास! मी हात धुवायलाच तयार नव्हते. पुढे पूलबर्नच्या दरीत बोगदे नि ३७ मीटर उंच पूल. बोगद्यात मिट्ट काळोख, टॉर्च लागतोच, भिंतींचा गारवा अंगावर येतो, आणि मध्यावर आल्यावर निपाणीकराने "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून अशी आरोळी ठोकली की आवाज घुमतच राहिला, समोरून येणाऱ्या दोघी बायका हसायलाच लागल्या. पलीकडे उन्हात बसून भाकरी नि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, त्यांनापण दिली, तिखट लागली पण खाल्ली हां.

आई, तुला एक मुद्दाम सांगायचंय. ओतुरेहुआ म्हणून छोटं गाव आहे, तिथे हेस नावाच्या माणसाने १८९५ ला शेतीची अवजारं बनवायचं वर्कशॉप काढलं, पट्ट्यांवर चालणारी मशिनं अजून जागच्या जागी आहेत. पण माल खपवला कुणी तर त्याच्या बायकोने, हॅना हेसने, त्या काळात लेकुरवाळी बाई सायकलवर बसून मैलोन्‌मैल शेतकऱ्यांकडे जाऊन ऑर्डरी घ्यायची, आणि रस्ते तरी कुठे होते तेव्हा! मी तिथे बराच वेळ उभी होते. तू बँकेची एजंट म्हणून गल्लीगल्लीत पिग्मी गोळा करत फिरायचीस तेच डोळ्यासमोर आलं. त्या बाईचं मला फार कौतुक वाटलं आणि तुझंही वाटतं, कधी तोंडावर बोलले नाही एवढंच.

गावं सगळी लहान, आपल्या गुंजीपेक्षाही लहान म्हणा की. रेल्वे गेल्यावर ही ओसच पडायची, पण आता सायकलवाल्यांमुळे खानावळी, राहायच्या खोल्या, चहाची दुकानं चालतायत, जुनी स्टेशनं पण नीट ठेवलीत. मला हे मनापासून पटलं, बंद पडलेली वस्तू विकून मोकळं न होता तिच्यावर चार घरं जगतात. हाइडजवळ १९४३ च्या रेल्वे अपघातात गेलेल्या २१ माणसांचं स्मारक आहे, तिथे मात्र कुणी काही बोललं नाही. शेवटच्या दिवशी वारा समोरून होता, पाय भरून आले, बाकी त्रास काही नाही.

बाबा, तुम्ही नंदगडहून खानापूरला रोज शाळेवर सायकलने जायचा, तुम्हाला हे अवघड काय नाही. पासपोर्टचं मनावर घ्या, आता बेळगावच्या हेड पोस्टातच काम होतं, हुबळीला जायला नको. फेब्रुवारी-मार्च बरा, थंडी नसते. आईला बॅटरीची सायकल भाड्याने मिळते, मी विचारून ठेवलंय. आजीला मावशीकडे ठेवता येईल का ते तेवढं विचारा आणि रविवारी फोन करा, टीव्ही बंद करून.

तुमची,
ताई